पोटात भुसा

जहाजाच्या कारखान्यात तिला सगळे नाहीबाई म्हणायचे, आणि हे नाव तिनं स्वतःच ओढवून घेतलं होतं. काहीही विचारा, पहिला शब्द तोच. "बाई, हा जोड आज उरकाल का?" "नाही बाई, पत्र्यावर ओल आहे, आधी वाळू दे." "बाई, एवढा एक हात मारून टाका ना, कुणाला दिसतंय?" "नाही बाई, मला दिसतंय ना!" बरं, हे सांगताना आवाज खाली नाही की नजर खाली नाही. वेल्डिंगचा मुखवटा डोक्यावर सरकवलेला, गालावर काजळीचे पट्टे, दोन्ही हात कमरेवर. समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्याच्याकडे अशी बघायची की जणू त्याच्यामुळेच घरचं दूध उतू गेलंय.

तिची थोरली जाऊ म्हणायची, "लग्नाला ही हो कशी म्हणाली, हेच मला कोडं आहे." नाहीबाईचा नवरा शिंपी, स्वभावानं गरीब. तो मशीनवरची मान वर न करता म्हणायचा, "हो कुठं म्हणाली? त्या दिवशी नाही म्हणायला विसरली."

कारखान्यात ती आली ती झाडू मारायला. वेल्डिंग झालं की जोडावर काचेसारखी काळी खपली धरते, ती हातोडीनं ठोकून काढायची आणि केर भरायचा, हे तिचं काम. घरात बसून जावेशी भांडण्यापेक्षा लोखंडाशी भांडलेलं बरं, असं ती सांगायची. पण खपल्या काढता काढता तिला जोडच वाचता यायला लागले. कुणाचा हात घाईचा, कुणाचा हात थरथरतो, कोण मध्येच विडी प्यायला उठला होता, सगळं तिला खपलीखाली दिसायचं आणि ते ती त्या त्या माणसाला तोंडावर सांगायची. शेवटी वैतागून तिचे थोरले दीर म्हणाले, "एवढं कळतं तर घे वेल्डिंगचा होल्डर हातात आणि करून दाखव." तिनं करून दाखवलं. वाईट केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं.

हे थोरले दीर म्हणजे कारखान्याचे उस्ताद. तिचे भाऊजी. त्यांचा जोड बघायला दुसऱ्या गोदीतून माणसं यायची. एकावर एक खवला ठेवत गेल्यासारखी ओळ, कुठं फुगवटा नाही की खळगा नाही. हाताला सोनं लागलंय असं लोक म्हणत. पाठीमागे मात्र त्यांनाच होयबा म्हणत. कारण साहेबांनी विचारायचा अवकाश, "उस्ताद, होईल का?" की हे लगेच उठून उभे, "होईल साहेब." न होणारं असलं तरी होईल. मग जेवण सोडून, झोप सोडून ते करून दाखवायचे आणि दिलेला शब्द हातानं निभवायचे. त्यामुळे त्यांच्या होयबापणाचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. एका घरात एक होयबा आणि एक नाहीबाई! चुलीपाशी काय चालत असेल, असं लोक हसून विचारायचे.

भाऊजींनी तिला शिकवलं ते सगळं एका वाक्यात मावतं. जोड म्हणजे चिकटवणं नव्हे. दोन्ही पत्रे वितळून एकच झाले पाहिजेत, आणि जोर पडलाच तर पत्रा फाटावा, जोड फाटता कामा नये. ते वाक्य तिनं डोक्यात असं घालून घेतलं की पुढे त्यांनाच ते जड गेलं.

आता एक शब्द सांगून ठेवते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भुसा. दोन पत्र्यांमधली फट हवी त्यापेक्षा मोठी असली, की आधी दोन्ही कडांवर थरावर थर चढवून त्या बांधून घ्यायच्या, घासायच्या आणि मग जोड करायचा. हे वेळखाऊ काम. चोरवाट अशी, की वेल्डिंगच्या रॉडवरचं कवच ठेचून काढायचं, उघड्या सळया त्या फटीत कोंबायच्या आणि वरून सुरेख जोड ओढून द्यायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा. सळया आत नुसत्या पडून राहतात, वितळत नाहीत. जहाज लाटांवर वाकायला लागलं की तडा तिथूनच सुरू होतो. याला कारखान्यात 'पोटात भुसा भरणं' म्हणतात, आणि वेल्डरला याहून मोठी शिवी नाही. आईवरून दिलेली एक वेळ खपते. भुसा भरणाऱ्या एका माणसाला उस्तादांनी सगळ्यांदेखत गेटपर्यंत चालत नेऊन सोडलं होतं, एक शब्द न बोलता.

तर त्या वर्षी एक मोठं जहाज पाण्याकडच्या उतारावर तयार होत होतं. ते पाण्यात सोडायची तारीख ठरली होती, पाहुण्यांना बोलावणी गेली होती, आणि साहेबांच्या पायाला भिंगरी लागली होती. अशात तळाचे दोन भाग क्रेननं समोरासमोर आणले तर मध्ये चांगली बोटभर फट. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. उस्तादांनी नेहमीचं उत्तर दिलं. आणि काय आश्चर्य, ज्या कामाला आठवडा लागावा ते दोन दिवसांत हातावेगळं झालं. सगळे म्हणाले, वा! उस्ताद ते उस्ताद.

हा जोड तळातल्या ज्या कप्प्यात होता, तिथेच आधाराच्या पट्ट्या जोडायला नाहीबाईला पाठवलं. जहाजाच्या तळाला दोन थर असतात, मधल्या पोकळीत असे कप्पे. आत जायला एकच भोक, तेही इतकं की आधी पाय, मग कंबर, मग एक हात वर करून डोकं. आत एकच माणूस मावतो, तोही गुडघ्यांवर. नाहीबाई उतरली, गुडघे टेकले, आणि तळव्याला काहीतरी खरखरीत लागलं. दिवा खाली धरून बघितलं. चुरा होता. राखाडी, खडूसारखा.

तिनं तो चिमटीत धरून चोळला. रॉडवरचं कवच जळतं तेव्हा त्याची काळी खपली होते. राखाडी चुरा होतो तो फक्त कवच न जाळता ठेचलं तर. आणि रॉडचं कवच ठेचायला कारखान्यात एकच कारण असतं. दिवा वर करून तिनं जोड पाहिला. सुरेख! खवल्यावर खवला.

दुसऱ्या कुणी हात लावला असेल, असं तिनं स्वतःला समजावून बघितलं. पण त्या कप्प्यात दुसरं कुणी उतरलंच नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. हल्ली भाऊजींचं पाणी पेल्याच्या बाहेर पडायचं. उंबऱ्याशी आले की पाय चाचपडायचे. भाजीतला खडा पूर्वी ते ताटात शोधायचे, आता दाताखाली सापडायचा. हे सगळं तिनं रोज पाहिलं होतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. त्या दिवशी तिनं पट्ट्या जोडल्या नाहीत. केबल खराब आहे असं सांगून ती वर आली. तिच्या आयुष्यात थाप मारायचे प्रसंग कमी, त्यातला हा एक.

संध्याकाळी ताटं मांडली होती. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत दोन्ही घरांचं एकच स्वयंपाकघर. तिनं भाकरीला हात लावला नाही.

"भाऊजी, तळातल्या जोडात भुसा आहे."

जाऊबाईंच्या हातातला डाव थांबला. भाऊजींनी घास गिळला. "कोण म्हणतं?"

"खाली चुरा पडलाय तो म्हणतो."

"काल हातोडी धरायला शिकलीस आणि आज मला जोड शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत की. आता माझ्यावर कशाला चिडता?"

तिला वाटलं, आता ताट भिरकावतात. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ते ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "कड बांधायची तर आधी कड दिसायला हवी ना गं."

नवऱ्यानं विचारलं, "दादा, कधीपासून?" भाऊजी म्हणाले, "बरेच दिवस झाले. ठिणगी दिसते. तिच्या आसपासचं नाही दिसत."

"मग साहेबांना सांगायचं होतं," नाहीबाई म्हणाली.

"काय सांगू? आंधळा झालो, मला गेटबाहेर सोडून या?"

आता जाऊबाईंना कंठ फुटला. "अगं, थोडे दिवस राहिलेत त्यांचे. मानानं घरी बसतील. त्या जोडाचा फोटो निघणार नाही, साहेबच म्हणालेत. तुला कुणी विचारलंय का? मग तुझी जीभ का वळवळते?"

जोड आतून कसा आहे ते कळायला क्ष-किरणांचे फोटो काढतात, पण सगळ्या जोडांचे नाही, मधल्या मधल्या ठिकाणचे. म्हणजे साहेबांनाही ठाऊक होतं तर! नाहीबाईला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि तिच्या बाबतीत राग नेहमी आधी पोचायचा.

"जाऊबाई, त्या जहाजावर माणसं जाणार आहेत."

"माणसं सगळ्याच जहाजांवर जातात. माझा माणूस एकच आहे."

नवऱ्यानं मध्ये पडायचं पाहिलं. "अगं, घाईत माझाही एखादा टाका कच्चा राहतो..."

"तुमची शिवण उसवली तर माणूस लाजतो," ती म्हणाली. "ही उसवली तर बुडतो. उद्या तुम्हीच सांगा, भाऊजी. तुम्ही सांगा आणि तुम्हीच कापा, मी दिवा धरते."

भाऊजी उठले आणि भिंतीला हात लावत लावत झोपायला गेले.

सकाळी ते कामावर आले, पण बोलले नाहीत. साहेब दिसले तसे सवयीनं उठून उभे मात्र राहिले. नाहीबाईनं दुपारपर्यंत वाट बघितली आणि मग साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. साहेबांनी ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "बाई, घरच्याच माणसाचा जोड! लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणूनच आले."

"जोड चांगला दिसतोय. पट्ट्या लावा आणि बाहेर या. रंगारी सकाळपासून खोळंबलाय."

"नाही बाई."

"ठीक आहे. मग दुसऱ्याला पाठवतो."

इथे ती चपापली. इतकी वर्षं तिच्या नाही म्हणण्यानं काम अडायचं. आता तिनं नाही म्हटलं तर काम अडणार नव्हतं, उलट सोपं होणार होतं. दुसरा कुणी उतरेल, पट्ट्या लावेल, रंग लागेल, भोकावर झाकण बसेल, आणि तो जोड पुन्हा कुणाच्या नजरेस पडेल तो समुद्राच्या. नुसत्या तोंडाच्या नाहीनं भागणार नाही, हे तिला त्या दारात उभ्या उभ्या कळलं. ती वळली आणि तरातरा चालायला लागली. चालता चालता जवळजवळ पळायलाच लागली.

जोड खोदायची कार्बनची कांडी तिनं घेतली, हवेची नळी ओढली, छिन्नी, हातोडी आणि पक्कड कमरेला खोचली. भोकाशी रंगारी डबा घेऊन बसला होता. "बाई, आज झाकायचंय की उघडायचंय? तेवढं सांगा, माझा रंग डब्यातच वाळतोय."

"उघडायचंय. तू इथेच बस. आत धूर फार झाला तर हाक मार. आणि कुणालाही खाली उतरू देऊ नकोस."

"कुणी उतरलं तरी मावणार कुठं?" रंगारी म्हणाला आणि फतकल मारून बसला.

तिनं मुखवटा ओढला आणि उस्तादांच्या जोडात कांडी घातली. हवेच्या झोतानं वितळलेलं लोखंड लाल कारंजं होऊन उडायला लागलं. हात चालत होता आणि जीव तुटत होता, हे खोटं नाही. तो जोड तिच्या गुरूचा होता. वीतभर खोदलं असेल नसेल, तोवर वरून साहेबांचा आवाज आला, "बाई, बाहेर या!" तिनं ऐकलं नाही. "वीज तोडतो मी!" तिनं ऐकलं नाही. आणि खरंच कांडी विझली, दिवाही गेला.

काळोखात तिनं चाचपत कमरेची छिन्नी काढली. मग रंगाऱ्यानं त्याची बॅटरी आत सोडली, शहाणा माणूस. तिनं छिन्नी लावली आणि हातोडी हाणली. जहाजाचा तळ म्हणजे केवढं मोठं पिंप! एक घाव इकडे, तर नाद पार दुसऱ्या टोकाला. ठण्. ठण्. वरचे फिटर थांबले. क्रेनवाला खाली बघायला लागला. काय चाललंय ते विचारायला एकेक जण भोकाभोवती जमला आणि रंगारी प्रत्येकाला मोठ्यानं एकच सांगत होता, "नाहीबाई नाही म्हणतायत."

छिन्नीखाली काहीतरी हललं. तिनं पक्कड लावून ओढलं तशी एक सळई जोडातून सरळ बाहेर आली. अख्खी. वितळलेली नाही, वाकलेलीसुद्धा नाही. तिनं ती भोकातून वर फेकली, ती खणखणत साहेबांच्या बुटांपाशी जाऊन पडली. मग दुसरी. मग तिसरी. गर्दीतून कुणीतरी "अरे देवा!" म्हणालं.

साहेबांचा चेहरा पडला, पण साहेबच ते. चढ्या आवाजात विचारलं, "कुणाचा जोड आहे हा?"

ठाऊक असून विचारलं. नाहीबाईनं डोकं भोकातून वर काढलं होतं. कुणाचा ते सांगायला तिनं तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. जोड फोडला होता तिनं, पण ते नाव एवढ्या माणसांसमोर घ्यायला जीभ वळेना.

"माझा," मागून आवाज आला. माणसं बाजूला झाली. उस्ताद पुढे आले आणि खाली बसून हातानं चाचपत त्यांनी एक सळई उचलली. "मला दिसत नाही, साहेब. तुम्ही विचारलंत होईल का, मी म्हटलं होईल. तेव्हाही दिसत नव्हतं. फोटो काढू देत नाही असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मला बरं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते."

एवढं ते आयुष्यात कधी साहेबांसमोर बोलले नव्हते. साहेबांनी त्यांचं वेल्डरच्या परवान्याचं कार्ड तिथल्या तिथे काढून घेतलं. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "हा जोड आता कोण भरतंय? उतरा कुणीतरी." एकही माणूस हलला नाही. जो तो आपापले बूट बघत उभा राहिला.

"बरं," साहेब नाहीबाईला म्हणाले, "तुम्हीच उघडलात, तुम्हीच भरा. आणि हा झाला की जहाजावरून उतरायचं. गेटपाशी कुंपणाच्या जाळ्या पडल्यात, त्या जोडत बसा."

"बसेन. जाळीतही भुसा भरणार नाही," ती म्हणाली. "आधी वीज चालू करा."

साहेबांचं पुढे काय झालं म्हणाल, तर काही नाही. साहेबांचं कधी काही होतं का? तारीख पुढे गेली, पाहुण्यांना हवामानाचं कारण कळवलं. घरी जाऊबाईंनी तिचं ताट वाढायचं बंद केलं. "माझ्या नवऱ्याचं नाक कापलंस," म्हणाल्या. "नाक नाही, जोड कापला," ती म्हणाली आणि आपल्या हातानं वाढून घेतलं. घास उतरत नव्हता, पण तो उतरत नाही हे जाऊबाईंना दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून दोन भाकऱ्या जास्तच खाल्ल्या.

उस्ताद मात्र रोज यायचे. कार्ड नाही, काम नाही, तरी डबा घेऊन तिच्याबरोबर निघायचे. वाटेत बोलायचे नाहीत. गेटवरच्या रखवालदारालाही त्या दिवसांत जरा कमीच दिसायला लागलं असावं, कारण त्यानं त्यांना एकदाही अडवलं नाही. भोकाशी, रंगाऱ्याच्या शेजारी, ते पत्र्याला पाठ टेकून बसत. ती आत कडा बांधत होती. एक थर, घास, पुसून बघ, पुन्हा थर. उताणं पडून, कुशीवर पडून, कॉलरमध्ये ठिणग्या घेत.

शेवटचा थर चालू होता. आतून तेलात काही तळावं तसा सारखा चरचर आवाज येत होता. एकाएकी उस्तादांनी पत्र्यावर थाप मारली.

"थांबलीस."

"नाही थांबले!" आतून आवाज आला.

"थांबलीस. आवाज तुटला. वीतभर मागे जा आणि काढ तेवढा."

"भाऊजी, एकदा वरून बघा तरी, काय छान उतरलाय!"

"वरून बघायला मला डोळे कुठायत? काढ म्हणतो ना!"

सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्यानं. नाहीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण कोपरात पेटका आला होता आणि हात निमिषभर उचलला गेला होता, हे तिलाच ठाऊक होतं. तिनं कोपराला शिव्या दिल्या, त्या भोकाला दिल्या, ज्या घरात आपण पडलो त्या सगळ्या खानदानाला दिल्या आणि ग्राइंडर उचलला. घासत गेली तर बरोबर तिथे, तिळाएवढा काळा ठिपका. तिनं तो पुरता जाईपर्यंत घासला आणि नवा रॉड लावला.

तेवढ्यात साहेब आले. नवी तारीख अंगावर आली होती, मागे दोन माणसं, हातात फोन. "काय उस्ताद, झालं का एकदाचं?"

उस्ताद उठले नाहीत. मान पत्र्याला लावून तसेच बसून राहिले.

"झालं की सांगू. पाणी कुठं पळून जात नाही, साहेब. तुम्ही जरा गप्प बसा, मला ऐकू येत नाही."